नाकसाहेब धबधब्याला जातात

सरबताच्या कारखान्यात त्यांना कोणीही नावाने हाक मारत नसे. हजेरीपटावर नाव होतं, पण ते वाचताना कारकुनालाही क्षणभर थांबावं लागे, हे कोण बरं म्हणून. सगळ्यांसाठी ते नाकसाहेब होते. तपकिरी बाटल्यांतले अर्क थेंबाथेंबाने मोजून, कागदाच्या अरुंद पट्ट्या नाकाखाली धरून आणि साखरेच्या पाण्याचे घोट जिभेवर घोळवून त्यांनी सव्वीस वर्षांत तिथलं प्रत्येक सरबत घडवलं होतं. बुचाच्या वासावरून बाटली कुठल्या आठवड्यात भरली ते सांगत. नळ्या धुणाऱ्या बाईने साबण बदलला हे त्यांनी एकदा दोन खोल्या पलीकडून ओळखलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. अशा माणसाने चालताना नाक थोडं वर ठेवलं, तर त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना आठ दिवस ताप आला. ताप गेला तो त्यांचं नाक घेऊनच गेला, आणि नाकामागोमाग जीभही गेली. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बायको सूपमध्ये मीठ विसरली. दुसऱ्या दिवशी वाटलं, चहात साखर विसरली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन एक चिमूट मीठ आणि एक चिमूट साखर आळीपाळीने जिभेवर ठेवली. दोन्ही वाळूसारखी लागली. डॉक्टर म्हणाले, चव परत येईल, किंवा येणारही नाही. हे निदान इतकं बिनचूक होतं की त्यावर काही विचारायला जागाच राहिली नाही.

ही गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली. तिला कारखान्यात सगळे वहिनी म्हणत. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. उसवलेल्या शिवणी, फाटलेली अस्तरं, अडकलेल्या चेन, ढिले झालेले कमरपट्टे असं सगळं तिच्याकडे यायचं. कापडाला दोरा जुळवण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. जुन्या कोटाची बाही खिडकीपाशी धरून ती पन्नास रिळांमधून नेमकं एक उचलायची.

नाकसाहेब नमुन्यांच्या छोट्या बाटल्या खिशात घालून घरी आणू लागले. संध्याकाळी जेवणाआधी वहिनी त्या चाखायच्या आणि आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांत सांगायच्या. एखादं सरबत समोरून छान, पण त्याला अस्तरच नाही. एखाद्यात लिंबू आणि साखर जोडलेली शिवण उघडी दिसते. एखादं अंगात घातल्यावर बोचतं. नाकसाहेब हे सगळं लिहून घ्यायचे आणि सकाळी कारखान्याच्या भाषेत उतरवायचे: प्रारंभीचा गोडवा समाधानकारक, उत्तरार्ध क्षीण. निर्णय जागच्या जागी का देत नाही, असं पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा ते गडबडून म्हणाले होते, की चव रात्रभर मुरली पाहिजे. थोरल्या मालकांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते सुबक अक्षरांत लिहून प्रयोगशाळेच्या दारावर लावलं. तेव्हापासून त्या कारखान्यात कुठलीही चव त्याच दिवशी पसंत करायची नाही, असा नियमच झाला.

सात नंबरचं जांभळं सरबत याच दोन वर्षांतलं. ते इतकं चाललं की नाकसाहेबांना भल्यामोठ्या चौकटीतलं मानपत्र मिळालं. ते दिवाणखान्यात लावताना नाकसाहेब म्हणाले होते, "हे आपलं आहे हं, आपल्या दोघांचं." मानपत्रावर मात्र एकच नाव होतं. दर रविवारी वहिनी त्यावरची धूळ पुसायच्या.

थोरले मालक थकले आणि कारभार त्यांच्या मुलीकडे आला. धाकट्या बाई लहानपणी कारखान्यात यायच्या तेव्हा नाकसाहेबांना काका म्हणायच्या आणि त्यांच्या टेबलाखाली बसून बुचं रचायच्या. आता त्या शिकून आल्या होत्या आणि त्यांना काहीतरी अस्सल हवं होतं. रानमेवा नावाचं नवं सरबत काढायचं, पण बाटलीतल्या अर्कांवरून नाही. जंगलात जायचं, धबधब्याच्या वाटेवर झुडपांवर पिकलेली फळं तिथल्या तिथे चाखायची आणि नाकसाहेबांनी ती चव डोक्यात भरून आणायची. रात्रभर मुरण्याबद्दल नाकसाहेब काही बोलू लागले, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, की फळं तोडल्यावर तासाभरात बदलतात, म्हणून या वेळी जे वाटेल ते जागेवरच सांगायचं.

त्या दिवशी घरी आल्यावर नाकसाहेब बराच वेळ बूट न काढता बसून राहिले. मग दोघांनी मिळून एक युक्ती काढली. नाकसाहेबांचा गुडघा दुखतो असं सांगायचं, म्हणजे आधाराला वहिनी बरोबर येतील. त्यांनी नवऱ्याचा कोपर धरून चालायचं आणि आधी स्वतः फळ चाखायचं. कोपर एकदा दाबला तर गोड, दोनदा दाबला तर आंबट, तीनदा दाबला तर कडू. तुरट लागलं तर काय, असं वहिनींनी विचारलं. नाकसाहेब म्हणाले, तुरटाचं मी बघतो, तोंड कोरडं पडलेलं मला कळतं. त्यांच्याकडे स्वतःचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

रविवारी सकाळी कारखान्याची गाडी जंगलाच्या फाटकापाशी थांबली. बाई, नाकसाहेब, वहिनी आणि वहीपेन घेतलेले विक्रीप्रमुख, एवढेच लोक होते. विक्रीप्रमुखांना प्रत्येक गोष्टीतून जाहिरातीचं वाक्य सुचायचं आणि ते तिथल्या तिथे टिपून ठेवायचे. फाटकावर वनरक्षक वाट पाहत होता. उंच, सावकाश बोलणारा, खांद्यावर दोराची गुंडाळी. त्याने सगळ्यांना दोनच गोष्टी बजावल्या: मी दाखवीन तेच फळ तोंडात घालायचं, आणि वरच्या दगडांवर शेवाळ आहे, तिथे हुशारी करायची नाही. नाकसाहेबांचं लंगडणं त्याने एकदा निरखून पाहिलं.

लंगडण्याचं काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पहिल्या चढावर उजवा गुडघा दुखत होता. झाडाखाली पाणी प्यायला थांबून पुन्हा निघाले तेव्हा डावा दुखू लागला. वहिनींनी हलकेच चिमटा काढून दुरुस्ती केली.

पहिली झुडपं ओढ्याच्या कडेला लागली. काटेरी फांद्या आणि बोटाच्या पेराएवढी काळी, दाणेदार फळं. वनरक्षकाने ओंजळभर तोडून दिली. वहिनींनी एक तोंडात टाकलं, आणि नाकसाहेबांच्या कोपरावर दोनदा, मग जरा थांबून एकदा दाब आला. नाकसाहेबांनी फळ जिभेवर ठेवून डोळे मिटले. त्यांना गार लागलं, सालीचा पातळ पापुद्रा फुटलेला कळला, बिया दाताखाली आल्या. बाकी तोंडात ओला कापूस धरल्यासारखं होतं.

"आधी आंबट येतं," ते म्हणाले, "अंगावर धावून आल्यासारखं. मग थांबतं, आणि मागच्या दाराने गोड आत येतं."

बाईंनी फळ खाल्लं आणि मान डोलावली. विक्रीप्रमुखांनी मागचं दार लिहून घेतलं. वनरक्षकसुद्धा म्हणाला, की इतकी वर्षं हीच फळं खातोय, पण असं कधी सुचलं नव्हतं. नाकसाहेबांचं नाक पूर्वीच्या उंचीवर आलं. पुढच्या दोन-तीन झुडपांपाशी तर त्यांनी वहिनींची खूण पुरती व्हायच्या आधीच बोलायला सुरुवात केली आणि अंदाजाने बरंच जमवलं. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला दुसऱ्यांदेखत आपण चाखलेल्या चवी सांगताना ऐकलं होतं. घरी हेच शब्द वहिनींच्या तोंडून निघायचे तेव्हा ते कागदावर उतरत आणि कारखान्यात जात. तिथे पोहोचल्यावर ते शब्द असे छाती काढून उभे राहत असतील, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. आवाज पावलागणिक वाढत गेला आणि शेवटच्या वळणावर तो एवढा झाला की बोलणाऱ्याचे फक्त ओठ हलताना दिसत. पाण्याचा फवारा चेहऱ्यावर येत होता. कड्याच्या पोटातून एक अरुंद, निसरडी पायवाट धबधब्याशेजारच्या खडकापर्यंत जात होती, आणि त्या खडकाच्या फटीतून एक झुडूप वाढलं होतं. त्यावर लालबुंद, तुकतुकीत फळांचे घोस लगडले होते. बाईंनी तिकडे बोट दाखवलं.

वाट एका माणसापुरतीच होती. वहिनी कोपर धरून शेजारून चालू शकत नव्हत्या. वनरक्षकाने ते पाहिलं आणि माणुसकीने मागे वळून नाकसाहेबांचा हात स्वतःच्या हातात घेतला. दुखऱ्या गुडघ्याच्या म्हाताऱ्या माणसाला शेवाळावर एकटं कसं सोडायचं. नाकसाहेबांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, तशी त्याने पकड आणखी घट्ट केली. वहिनी दोन माणसांच्या मागे राहिल्या.

खडकापाशी पोहोचल्यावर वनरक्षकाने सगळ्यांना त्या फळांबद्दल काहीतरी सांगितलं. पुढे कळलं ते असं, की ही विषारी नाहीत, पण कोणी खात नाही. पाखरंसुद्धा चोच लावून सोडून देतात, तेव्हा चाखायचंच असेल तर नुसतं दाताने टोचून थुंकून टाका. त्यातलं एक अक्षरही नाकसाहेबांना ऐकू आलं नाही. त्यांनी फळ हातात घेतलं आणि हात कोणाचा आहे हे विसरून सवयीने कोपरावरच्या खुणेची वाट पाहिली. त्यांचा पाय जरासा सरकला. वनरक्षकाने त्यांना सावरण्यासाठी कोपर एकदा, जोरात दाबला.

गोड, आणि तेही भलतंच.

नाकसाहेबांनी एक नाही, चार फळं एकदम तोंडात टाकली. डोळे मिटून ती सावकाश चावली, गालात इकडून तिकडे फिरवली आणि गिळली. डोळे उघडले तेव्हा बाई वाकून खडकाच्या कडेला थुंकत होत्या. विक्रीप्रमुखांनी वही काखेत मारली होती आणि धबधब्याचं पाणी ओंजळीने तोंडात घेऊन खळाखळा चुळा भरत होते. नाकसाहेबांना वाटलं, त्यांना फवाऱ्याने ठसका लागला असेल. ते बाईंच्या कानाशी तोंड नेऊन शक्य तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "मध! नुसता मध! आपलं सरबत सापडलं."

मागून वहिनी तीन बोटं वर करून हवेत हलवत होत्या. नाकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहून प्रसन्नपणे मान डोलावली आणि घोसातून आणखी दोन फळं तोडली.

वहिनींनी विक्रीप्रमुखांना बाजूला सारलं, बाईंच्या पाठीमागून वाट काढत पुढे आल्या आणि नवऱ्याच्या हातातली फळं काढून पाण्यात फेकून दिली. मग सगळे वळणाअलीकडे, आवाज कमी होता तिथे परत आले. एका सपाट दगडावर नाकसाहेबांना बसवलं गेलं. त्यांच्या ओठांच्या कडेला लाल रस तसाच होता.

बाईंनी रुमालाने तोंड पुसलं. मग त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला ते फळ कडू लागलं नाही?"

किती वर्षांनी त्यांच्या तोंडून काका आलं होतं. नाकसाहेबांनी उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. कडूपणाच्या पलीकडे एक सूक्ष्म गोडवा असतो, तो सगळ्यांना कळेलच असं नाही, असं काहीतरी ते म्हणू लागले. विक्रीप्रमुखांचा हात सवयीने वहीकडे गेला.

"त्यांना काहीच लागत नाही," वहिनी म्हणाल्या. "कडू नाही, गोड नाही. दोन वर्षं झाली. चाखते मी, आणि सांगते मी."

इतक्या सरळ आवाजात, की जणू गिऱ्हाइकाला सांगत होत्या, कोट गुरुवारी मिळेल. नाकसाहेबांनी मान खाली घातली. आता इथे जमीन दुभंगली तर बरं, असं त्यांना वाटलं. पण खाली कातळ होता.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो सात नंबरचा. सात नंबर कोणी केलं? वहिनींनी सांगितलं, की थेंब मोजले ह्यांनी, पण अकराव्या बाटलीपर्यंत त्याला कड घातलेली नव्हती, रस चवीतून निसटून जात होता. मग मी म्हटलं, काहीतरी किंचित कडसर घाला, म्हणजे काठ येईल. बाईंनी येताना तोडून खिशात ठेवलेलं एक लाल फळ काढलं आणि वहिनींपुढे धरलं. वहिनींनी ते दाताने टोचलं, थुंकलं, तोंड पुसलं.

"सुईच आहे नुसती," त्या म्हणाल्या. "दोरा नाही ओवलेला. पण त्या काळ्या फळांना कड नव्हती. शंभर काळ्यांना हे एक लावून बघा."

आता गाडीत बसेपर्यंत काय होणार याची नाकसाहेबांना कल्पना येऊन चुकली होती. सव्वीस वर्षांची नोकरी, चौकट, दारावरची अक्षरं, सगळं एका झुडपाने खाल्लं. बाई मात्र त्यांच्याशेजारी दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, की दोन वर्षं एकट्याने हे ओढलंत, मला सांगायचं होतंत. हे ऐकून नाकसाहेबांना रडू आलं, आणि एकट्याने या शब्दावर वहिनींनी भुवई उंचावली.

परतीच्या वाटेवर नाकसाहेब दोन्ही पायांनी नीट चालत होते. वनरक्षकाने फाटकापाशी त्यांचा निरोप घेताना गुडघ्याची चौकशी केली आणि या जंगलाची हवा चांगली आहे, एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर नवराबायकोत जे बोलणं झालं ते फार लांबलं नाही. नाकसाहेब म्हणाले, की एवढ्या लोकांत सांगायची काय गरज होती, घरी येऊन आपण काही मार्ग काढला असता.

"तुम्ही ते जहर मिटक्या मारत खात होतात. मला बघवेना," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुढे जोडलं, "आणि खरं सांगू? मला एकदा सांगायचंच होतं."

नाकसाहेब उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी चहा केला. चव त्यांना बघता येत नव्हती, म्हणून साखर मोजून घातली.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात बैठक झाली. विक्रीप्रमुखांचं म्हणणं असं, की बाटलीवर नाकसाहेबांचं चित्र आहे, लोक त्या नाकावर विश्वास ठेवतात, तेव्हा बाहेर काही कळता कामा नये. नाकसाहेब चवप्रमुख राहतील. वहिनींना त्यांच्या मदतनीस म्हणून घेऊ. बाई हा निरोप घेऊन स्वतः दुकानात आल्या. वहिनी एका पँटची लांबी कमी करत होत्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि सांगितलं, की माझं दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत, मदतनीस व्हायला मला सवड नाही. चव बघायची असेल तर बाटल्या घेऊन इकडे यायचं, मी सांगेन ते माझ्याच शब्दांत लिहायचं, आणि खाली माझं नाव घालायचं. बाईंनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या. बाटल्या घेऊन कोणी यायचं, एवढाच प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

अशा रीतीने नाकसाहेब रोज चार वाजता लाकडी खोक्यात नमुने घेऊन बायकोच्या दुकानात जाऊ लागले. गिऱ्हाईक असेल तर बाकावर बसून थांबत. रानमेवा बाजारात आला तेव्हा लोकांनी तक्रार केली, की याला रानमेव्याची चव नाही. त्यांच्या मते रानमेवा सात नंबरसारखा लागायला हवा होता. मग विक्रीप्रमुखांनी वेष्टनावर वहिनींचं एक वाक्य छापलं, या चवीला अस्तर आहे, आणि बाटल्या दुकानांतून भराभर उठल्या. वर्षाच्या शेवटी त्या वाक्याबद्दल मानपत्र मिळालं ते विक्रीप्रमुखांना. वहिनींना ते नाकसाहेबांनीच घाबरत घाबरत सांगितलं. त्या इतक्या हसल्या की शिलाई वाकडी गेली.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी एका दुपारी नाकसाहेब दुकानाच्या बाकावर बसले होते, आणि त्यांना इस्त्रीखालच्या ओलसर लोकरीचा वास आला. आधी त्यांना तो काय आहे तेच कळेना. मग मशीनचं तेल आलं, खडूची भुकटी आली, शेजारच्या दुकानातलं ताजं पीठ आलं. ते ताठ बसले. खोक्यातली एक बाटली उघडून त्यांनी पाठमोरं होऊन घोट घेतला. गोड होतं. मग आंबट होतं. अडीच-तीन वर्षांनी जिभेवर कोणीतरी दिवा लावला होता.

वहिनींनी हात पुसून तीच बाटली घेतली, चाखली, खिडकीकडे बघत थोडा विचार केला. मग म्हणाल्या, आंबट दोन थेंब वाढवा, खांद्यावर सैल पडतंय.

नाकसाहेबांची सव्वीस वर्षांची जीभ सांगत होती, की दोन नाही, एक. दोन घातले तर मागची गोडी दबेल. यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. वहिनी दुसरी बाटली उघडत होत्या. चष्मा कपाळावर सरकवलेला, बोटात शिवणकामाचं अंगुस्तान तसंच. दोन गिऱ्हाइकं बाकावर त्यांचा निकाल ऐकत बसली होती.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," नाकसाहेब म्हणाले, आणि वहीत लिहिलं: आंबट दोन थेंब. खांद्यावर सैल.